बगळ्याचा वाचकवर्ग

शब्दकोडी रचणाऱ्या माणसाने एक पथ्य कडक पाळावं. बायकोशी भांडावं, साहेबाला उलट बोलावं, अगदीच वेळ आली तर रांग मोडून पुढे घुसावं. पण आपलं टोपणनाव शेजाऱ्याला सांगू नये. क्लेमंट ऑटरशॉने हे पथ्य वर्षानुवर्षं पाळलं आणि मे महिन्यातल्या एका गुरुवारी, कुंपणापाशी उभं राहून, सगळ्या पुण्याईवर बोळा फिरवला. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

टॅथबरीच्या नगरपालिकेत क्लेमंट पार्किंगचे परवाने देत असे. पूर्णवेळ तेच. लोकांनी गाडी कुठे लावावी हे त्याने ठरवायचं आणि लोकांनी ती दुसरीकडेच लावायची, असा एकूण व्यवहार होता. पण ती झाली पोटाची नोकरी. खरा क्लेमंट दर गुरुवारी 'टॅथबरी बीकन' या साप्ताहिकाच्या शेवटून दुसऱ्या पानावर, निधनवार्तांच्या शेजारी, 'हेरॉन' या नावाने प्रकट होई. हेरॉन म्हणजे बगळा. एका पायावर गुमान उभं राहायचं आणि मासा टप्प्यात आला की टिपायचा! इंग्लंडात कोडी रचणारा खऱ्या नावाने कधी रचत नाही. तिथे राजवाड्यातल्या भानगडी चव्हाट्यावर येतात, पण अमक्या कोड्यामागे कोण, हे शेजारच्या घरालाही कळत नाही.

आणि क्लेमंटच्या शेजारच्या घरात तर नॉरिस बॅराक्लफ राहत होता.

नॉरिस हा गॅस कंपनीतून निवृत्त झालेला मीटर-तपासनीस. आयुष्यभर लोकांच्या जिन्याखाली वाकून चुका शोधलेल्या, त्यामुळे चूक दिसली नाही तर त्याला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. दर गुरुवारी क्लेमंट कामावरून परतला की हा अंक हातात घेऊन कुंपणापाशी तयारच असे.

"काय क्लेमंट, वाचलंत का या बगळ्याचं? आडवा सात बघा. अहो, हा उत्तराचा इशारा आहे की भुरटी चोरी?"

"असं म्हणता?" क्लेमंट निर्विकारपणे म्हणे.

"याला कुणीतरी भर चौकात उभा करून विचारलं पाहिजे!"

"विचारलंच पाहिजे," क्लेमंट म्हणे, आणि आत येऊन गेनरला, म्हणजे बायकोला, सगळं रंगवून सांगे. शिव्यांनी त्याला भूक चांगली लागायची. शिवाय नॉरिस एकटा थोडाच होता? बीकनच्या पत्रव्यवहारात दर आठवड्याला हेरॉनच्या नावाने शिमगा चाले. 'एक पीडित वाचक' लिही, 'निवृत्त करदाता' लिही, 'तीन मुलांची आई' लिही, अधूनमधून एक 'कर्नल (निवृत्त)' तोफ डागून जाई. अख्खं गाव आपल्यावर जळतंय, या विचाराने क्लेमंटची छाती फुगलेली असायची. पार्किंगच्या खिडकीत कुणी काही बोललं तर मनात म्हणायचा, बोल बाबा, तुला ठाऊक नाही तू कुणाशी बोलतोयस.

एप्रिलमध्ये बीकनची संपादक टॅमसिन हिचा फोन आला. मुलगी तरुण, पेपर म्हातारा. एका मोठ्या कंपनीने तो नुकताच विकत घेतला होता.

"क्लेमंट, स्पष्टच सांगते. वरचे लोक म्हणतात, कोडी मशीनसुद्धा करतं, आणि मशीन मानधन मागत नाही. जूनमध्ये ठरवणार, हेरॉन ठेवायचा की नाही ते."

"मशीन!" क्लेमंट म्हणाला. त्याने हा शब्द उंदीर म्हणावा तसा म्हटला.

"पण तुमच्या सदराला पत्रं येतात, एवढं एक तुमच्या बाजूने आहे. तर मेच्या सुरुवातीच्या सुट्टीसाठी एक खास कोडं करा. विषय आहे, पूर्णवेळ काम. पत्रांचा पाऊस पडला पाहिजे."

"पाऊस कसला, पूर येईल. तू आपली वाळूची पोती भरून ठेव."

फोन ठेवल्यावर मात्र त्याला जाणवलं की ही गंमत नाही. हेरॉन गेला तर मागे उरतो तो फक्त परवान्यांवर शिक्के मारणारा ऑटरशॉ. त्या इसमाबद्दल क्लेमंटला स्वतःलाच फारसं कौतुक नव्हतं.

तो कामाला लागला. माणसांना नकळत बोलतं करावं म्हणून त्याने आधी गेनरला विचारलं, "पूर्णवेळ काम म्हटलं की तुला काय आठवतं?"

"कुणाचं? तुझं की माझं?" तिने विचारलं. तिच्या हातात भिजलेले मोजे होते, म्हणून त्याने विषय वाढवला नाही.

नॉरिसला विचारलं तर तो म्हणाला, "सुटायची वेळ." आणि मग क्षणभराने, "सुटल्यावर कळतं, काय गेलं ते." हे ऐकून क्लेमंटला वाटलं होतं, थोडं थांबावं आणि विचारावं. पण डोक्यात उभा चार घोळत होता.

आता कोडं अर्थातच इंग्रजीत होतं. आपल्याला चव कळावी म्हणून इशाऱ्यांना इथे मराठी कपडे घातले आहेत. 'मका उलटा केला तर पोटाला मिळेल': मका उलटा वाचला की काम. 'जार पालथा केलात तरी साहेब ती देणार नाहीत': रजा. 'पिसात गा, महिनाअखेरीस मिळेल': पीस म्हणजे पर, त्याच्या पोटात गा घातला की पगार. 'मर म्हणतात आणि मध्ये जू ठेवतात, तो कोण?' मजूर. हा सुचला तेव्हा क्लेमंट आंघोळीच्या टबात होता आणि त्याने एवढ्या जोरात टाळी वाजवली की खाली गेनरला वाटलं, आरसा पडला. पण मुकुटमणी वेगळाच होता: 'खूष असलेला संत नोकरी सोडून चालला.' राजी अधिक नामा, राजीनामा! इंग्लंडात नामा कुठून आला, असं विचारू नका. मूळ कोड्यात तिथला एक संत होता, त्याच्या जागी आपला बसवला. दोघांचीही हरकत नसावी.

कोडं छापून आलं तो गुरुवार. त्या दिवशी पार्किंगच्या खिडकीत एका बाईने क्लेमंटला 'खुर्चीला चिकटलेलं शेवाळ' म्हटलं होतं. तरी तो शीळ घालत घरी आला, कारण आज आपण अमर झालो आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कुंपणापाशी नॉरिस उभा होताच.

"वाचलंत? बगळ्याने पूर्णवेळ कामावर कोडं केलंय! अहो, या गृहस्थाने जन्मात एक दिवस तरी पूर्णवेळ काम केलंय का?"

"केलं असेल की," क्लेमंट म्हणाला.

"नाव नको! बापाच्या इस्टेटीवर लोळणारा कुणीतरी ऐदी असणार. दुपारी उठत असेल. रेशमी झगा घालून चॉकलेट पीत असेल. आणि हा आपल्याला सांगणार, मजूर म्हणजे काय ते! तुमच्यासारख्या माणसाने बोललं तर एक वेळ ऐकून घेईन. तुम्ही बिचारे दिवसभर शिक्के मारता."

ते 'बिचारे' कुठेतरी खोल लागलं. त्यात ते शेवाळही होतंच. क्लेमंटच्या तोंडून शब्द गेला तेव्हा त्यालाही तो ऐकू आला, एवढंच.

"मी."

"तुम्ही काय?"

"हेरॉन. मी आहे हेरॉन."

नॉरिस आधी लाल झाला, मग पांढरा, मग सिमेंटच्या रंगाचा. हातातला अंक त्याने हळूच पाठीमागे धरला.

"असं होय," तो म्हणाला. "म्हणजे... फार हुशारीचं काम हो ते. सोपं नाही." मग त्याने आकाशाकडे बघितलं. "हवा छान पडलीय नाही?"

आणि तो घरात निघून गेला. संध्याकाळी त्याची बायको डोरीन रुबार्बचा क्रंबल हा तिथला आंबटगोड पदार्थ घेऊन दाराशी आली, कुणी गेलं असेल त्या घरी पाठवतात तसा.

"पाणी पाजलं त्याला!" क्लेमंट क्रंबल चाटूनपुसून खात म्हणाला.

"पाजलंस खरं," गेनर म्हणाली. "पण आता तो बोलणार काय तुझ्याशी?"

बोलायला तो बोलत होता. गुरुवार आला की कुंपणापाशी येई आणि म्हणे, "सुंदर झालंय हो कोडं." बस्स. पुढचा शब्द नाही. चेहरा दात दुखत असल्यासारखा. ज्या माणसाने वर्षानुवर्षं आपल्याला चविष्ट शिव्या घातल्या, त्याच्या तोंडून ती कौतुकं ऐकणं म्हणजे साखर घालून मीठ खाण्यासारखं होतं. क्लेमंटला वाटलं, जाऊ दे, एक नॉरिस गेला. बाकीचं गाव आहेच.

टॅमसिनचा फोन आला.

"क्लेमंट, खास कोड्याला एकसुद्धा पत्र नाही."

"टपालात गहाळ झाली असतील."

"बाकी टपाल येतंय. त्यात दातांच्या कवळीची जाहिरात आली. पण पीडित वाचक नाही, करदाता नाही, ती तीन मुलांची आई नाही. कर्नलसुद्धा गप्प. सगळे एकाच दिवशी मेले की काय? जून जवळ आलाय हो, क्लेमंट."

क्लेमंट दोन दिवस घरात भुतासारखा फिरला. तिसऱ्या दिवशी डोरीन मागच्या दाराने आली. क्लेमंट स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेपर उघडून बसला होता, आणि इंग्रज माणूस पेपरमागे असला की तो तिथे नाही असंच धरायचं असतं. तिनेही तसंच धरलं.

"गेनर, नॉरिसला काहीतरी काम लावून दे गं बाई. मला बघवत नाही."

"आजारी आहेत का?"

"आजारी असता तर औषध दिलं असतं. निवृत्त झाल्यापासून त्याचा गुरुवार आणि शुक्रवार हेच कामाचे दिवस. दाढी करायचा, टाय लावायचा, जेवणाच्या टेबलाशी टंकलेखनयंत्र घेऊन बसायचा. मला ताकीद असायची, 'डोरीन, मी सध्या तीन मुलांची आई आहे, मधे बोलू नकोस.' जेवणाला बरोबर एक तास सुट्टी. कर्नलला शुक्रवारी दुपारी घ्यायचा. पोटभर जेवल्याशिवाय कर्नलचा राग चढायचा नाही."

पेपर खाली आला. "कर्नलसुद्धा?"

"सगळे," डोरीन म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "क्लेमंट, तुम्हीच हेरॉन हे कळल्यापासून त्याने सगळं बंद केलंय. शेजाऱ्याबद्दल असं छापून आणायचं नसतं म्हणतो. आता झगा घालून खिडकीत बसतो. काल त्याने मांजराला वेळापत्रक करून दिलं."

ती गेल्यावर क्लेमंटने पेपर घडी घालून बाजूला ठेवला. पहिल्यांदा त्याला भयंकर अपमान वाटला. गावभर शत्रू म्हणता म्हणता निघाला एक! आणि तोही गॅसमीटरवाला! मग हळूहळू दुसरंच काही वाटायला लागलं. आपण आंघोळीच्या टबात बसून जे काही केलं, त्यासाठी दर आठवड्याला एक माणूस दाढी करून, टाय लावून बसत होता. नगरपालिकेत क्लेमंटसाठी कुणी कधी कॉलर नीट केली नव्हती. आपण एका फटक्यात त्याची नोकरी घालवली, आणि त्याच फटक्यात आपलीही. त्याला नॉरिसबद्दल मनापासून वाईट वाटलं. स्वतःबद्दलही वाटलं, पण त्याची त्याला सवय होती.

"मी हे निस्तरतो," तो गेनरला म्हणाला. "माणसाचा स्वभाव म्हणजे काही शब्दकोडं नव्हे. त्यापेक्षा सोपा असतो."

पहिला उपाय त्याने केला तो असा, की पुढच्या कोड्यात मुद्दाम एक बेइमान इशारा घातला. कोडंकाराने असं करणं म्हणजे हलवायाने पेढ्यात वाळू घालणं. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. इशारा होता, 'शेळी, पण उगाच'. आणि उत्तर होतं, पंखा. शेळीचा पंख्याशी संबंध काय? काही नाही! हे वाचून नॉरिस मेलेला असला तरी उठून बसेल, याची क्लेमंटला खात्री होती.

गुरुवारी नॉरिस कुंपणापाशी आला. कपाळावरची शीर ताडताड उडत होती. त्याने दोन वेळा तोंड उघडलं आणि दोन वेळा मिटलं.

"ती शेळी," तो शेवटी म्हणाला, "फार... वेगळी होती." आणि कुंपणाला धरून धरून घरी गेला.

दुसरा उपाय सरळ होता. क्लेमंट त्याच्या दाराशी गेला आणि म्हणाला, "नॉरिस, मला सगळं कळलंय. तुम्ही लिहा. कर्नल म्हणून लिहा, आई म्हणून लिहा, माझी पूर्ण परवानगी आहे. हेरॉन बंद व्हायची वेळ आलीय."

बंद होणार हे ऐकून नॉरिस चपापला. आत जाऊन त्याने टाय शोधल्याचा आवाजही आला. पण तेवढ्यात नशिबाने पुन्हा टांग मारली. वरच्या कंपनीने नवा नियम काढल्याचं टॅमसिनने कळवलं: टोपणनावाची पत्रं यापुढे धरली जाणार नाहीत. खरं नाव, खरा पत्ता, आणि फोन करून खात्री.

"खऱ्या नावाने?" नॉरिस म्हणाला. "क्लेमंट, तुम्ही माझ्या मांजराला दोन वेळा झाडावरून उतरवलंय. मी सही करून तुम्हाला गाढव म्हणू? आणि सकाळी दूध घ्यायला बाहेर आलो की कुठल्या तोंडाने तुम्हाला नमस्कार करू?"

"मग चांगलं म्हणून लिहा."

नॉरिसने त्याच्याकडे दयेने बघितलं. "चांगलं वाटलं म्हणून कुणी पेपरला पत्र लिहितं का कधी?"

हे मात्र क्लेमंटला पटलं. टॅथबरीत कुणी लिहिलं नव्हतं.

तोडगा गेनरने काढला. "तुम्ही दोघं भांडा," ती म्हणाली. "रीतसर. बोलणं बंद करा. मग तो शेजारी राहणार नाही, आणि लिहायला मोकळा."

कल्पना बिनतोड होती. पण भांडायला कारण लागतं. नॉरिसनेच सुचवलं की कुंपणावरून भांडावं, त्या देशात सभ्य माणसं त्याच्यावरूनच भांडतात. तेव्हा क्लेमंट आपल्याच नगरपालिकेत, खालच्या मजल्यावरच्या कुंपण विभागात, दुपारच्या सुट्टीत तक्रार घेऊन गेला.

"शेजाऱ्याशी आधी बोललात का?" खिडकीतल्या बाईने विचारलं. "बोलणं बंधनकारक आहे."

"बोललो ना. त्यांच्याच सल्ल्याने आलोय."

बाईने चष्मा काढला. "कुंपणाची झाडं किती उंच आहेत?"

क्लेमंटने हात छातीशी धरून दाखवला.

"एवढ्याशा कुंपणावर भांडता येत नाही. नियम आहे. डोक्याच्या वर जाऊ द्या, मग या."

"वाढायला किती लागेल?"

"खत काय घालता त्यावर आहे," बाई म्हणाली आणि तिने खिडकी लावली. वर्षानुवर्षं क्लेमंट लोकांच्या तोंडावर तशी खिडकी लावत आला होता. आज पहिल्यांदा त्याला बाहेरची बाजू दिसली, आणि ती मुळीच आवडली नाही.

शेवटी मेअखेरच्या सुट्टीच्या सोमवारी चौघं बागेत बसले. गेनरने चहा केला, डोरीनने काकडीची सँडविचेस आणली, आणि दोघा पुरुषांनी भांडण ठरवायला घेतलं.

"चूक माझी धरू," क्लेमंट म्हणाला. "मी तुम्हाला काहीतरी लागेल असं बोललो, असं धरा."

"छे छे! तुमच्यावर कशाला? मीच पहिल्यांदा तोंड टाकलं असं धरू."

"नाही हो, तुम्ही वयाने मोठे."

"म्हणूनच! मोठ्याने आधी चुकावं."

"माझा आग्रह आहे, नॉरिस."

"माझाही आहे, क्लेमंट. सँडविच घ्या ना."

चहा दोनदा झाला, तरी भांडणाचं घोडं अडलेलंच. डोरीनने कपाळाला हात लावला. क्लेमंटला मनातून रडू येत होतं. जून आला, हेरॉन चालला, आणि इथे आपण काकडीचा आग्रह करतोय! जाता जाता माणसाने एकदा तरी खरं ऐकावं, म्हणून तो म्हणाला, "नॉरिस, एक विचारू? आता सगळं संपल्यातच जमा आहे. पूर्णवेळ कामावरचं कोडं तुम्हाला खरंच कसं वाटलं?"

"सुंदर होतं."

"खरं सांगा."

"खरंच सुंदर. मजूर तर... मजूर चांगला होता."

"आणि राजीनामा?"

नॉरिसने कप बशीत ठेवला. बशी किणकिणली.

"राजीनामाही ठीक."

"ठीक?" क्लेमंट म्हणाला. "माझ्या उभ्या आयुष्यातला सगळ्यात सरस इशारा आहे तो. खूष असलेला संत नोकरी सोडून चालला."

"हो, पण..." नॉरिस म्हणाला आणि थांबला. डोरीनने सँडविच हवेत धरलं होतं ते तसंच राहिलं.

"पण काय?"

"पण संताला नोकरी होती कुठे, सोडायला?"

"अहो, ती कल्पना आहे!"

"कल्पना असू दे. संत असणं हेच पूर्णवेळ काम आहे, क्लेमंट! त्यात सुट्टी नाही, पगार नाही आणि राजीनामा तर नाहीच नाही! राजीनामा दिला की तो संत राहत नाही, आणि संत राहिला नाही की तुमचा इशारा बोंबलला!"

"तुम्हाला शब्दांतली गंमत कळत नाही म्हणून गंमत नसते असं नाही!"

"मला कळत नाही? मी तुमच्या एकेका इशाऱ्याची हाडं मोजली आहेत! आणि ती शेळी! उगाच म्हणे! लाज नाही वाटली?"

"शेळी मी तुमच्यासाठी घातली होती!"

"माझ्यासाठी? म्हणजे मी दयेवर जगतो काय तुमच्या, मिस्टर ऑटरशॉ?"

त्या 'मिस्टर'ने बागेत थंडी पसरली. त्या देशात शेजारी शेजाऱ्याला मिस्टर म्हणाला की समजावं, सुरी बाहेर निघाली.

"गॅसचे मीटर वाचणाऱ्याने," क्लेमंट उठत म्हणाला, "मीटरच वाचावेत, मिस्टर बॅराक्लफ."

"आणि शिक्केवाल्याने शिक्केच मारावेत!"

नॉरिसने बायकोचा हात धरला, सँडविचेसची ताटली उचलली आणि तो निघाला. खाल्लेली सँडविचेसही परत मागावीत असा त्याचा चेहरा होता. क्लेमंट संतापाने नुसता फुलला होता. संताला नोकरी नव्हती म्हणे! मुकुटमण्याला ठीक म्हणतो! त्या रात्री झोपेतही तो दोनदा "कल्पना आहे ती!" म्हणून ओरडला. हेरॉन वाचवायचं होतं, हे त्याच्या ध्यानातसुद्धा राहिलं नव्हतं.

दोन आठवडे कुंपणाच्या दोन्ही बाजूंना पाठी दिसत होत्या. क्लेमंटचा राग ओसरला, तसं त्याला करमेना. गुरुवारी घरी येताना पाय आपोआप कुंपणाकडे वळत, आणि तिथे कुणी नसे. कोडंही गेलं आणि शेजारीही, असं तो गेनरला म्हणाला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मग टॅमसिनचा फोन आला. ती ओरडतच होती.

"क्लेमंट, राहिलात! वरून होकार आला! पत्र आलं!"

"किती?"

"एक!"

"एकच?"

"अहो, बागकामाला शून्य, आरोग्याला शून्य, महापौरांच्या सदराला शून्य. तुम्हाला एक. आमच्या अख्ख्या पेपरात सगळ्यात जास्त पत्रं तुम्हाला आहेत! आजच्या अंकात बघा."

क्लेमंटने उभ्या उभ्या अंक उघडला आणि गेनरला वाचून दाखवायला लागला.

"महोदय, हेरॉन या नावाने लिहिणारे गृहस्थ माझे शेजारी असून आमचं बोलणं बंद आहे. त्यांनी एका संताला नोकरीला लावलं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांचं कोडं बंद करण्याचा आपला विचार असल्याचं कळतं. माझा सक्त विरोध आहे. या माणसाला इतक्या स्वस्तात सोडू नये. त्याला दर गुरुवारी हजर करावं. मी निवृत्त आहे, गुरुवारी मला दुसरं काम नाही, आणि असलं तरी मी ते घेणार नाही. आपला, नॉरिस बॅराक्लफ, मिल लेन, टॅथबरी."

शेवटची ओळ क्लेमंटने दोनदा वाचली. अंक तसाच हातात घेऊन तो पायांत सपाता घालून बाहेर धावला. नॉरिस आपल्या दाराशी दुधाची बाटली घ्यायला वाकला होता. त्याने वर बघितलं. क्लेमंटने तोंड उघडलं. त्याला खूप काही म्हणायचं होतं. नॉरिसने मान ताठ केली, बाटली उचलली, आणि आत गेला.

क्लेमंट परत आला तेव्हा गेनर जिन्याशी उभी होती.

"काय म्हणाला रे?"

"काही नाही. तोंडावर दार आपटलं त्याने," क्लेमंट म्हणाला, आणि नाक पुसत, कुणीतरी पदक दिल्यासारखा, पुन्हा म्हणाला, "अगं, किती जोरात आपटलं!"